निळा पडदा

यंत्र बंद पडलें म्हणजे तें बिघडलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि लॅपटॉपचा पडदा एकाएकीं निळा होऊन त्यावर उदास चेहऱ्याचें चिन्ह उमटलें म्हणजे तर ती अधिकच दृढ होते. वस्तुतः विंडोज प्रणाली त्या क्षणीं जाणूनबुजून थांबत असते. आपल्या गाभ्यांत कांहीं विपरीत घडल्याचें आढळलें, कीं पुढें चालत राहून भलताच मजकूर लिहिण्यापेक्षां थांबलेलें बरें, असा तिचा न्याय. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षक प्रणालीच्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक असे थांबले, व आपल्या देशांतील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. तेथें कारण एकच, म्हणून उपायहि एकच होता: यंत्र सेफ मोडमध्यें उघडून ती फाइल काढून टाकणें. राळेगावच्या आमच्या यंत्राचें दुखणें इतकें सरळ नव्हतें.

ह्या यंत्रांत वऱ्हाडी शब्दांचा एक संग्रह आहे. राळेगाव व कळंब तालुक्यांतील खेड्यांतून फिरून, वावर, धुरा, डवरा, पऱ्हाटी असे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आम्ही बारा वर्षें कार्डांवर टिपले व मग यंत्रांत उतरविले. त्या यंत्राचा पडदा दिवसांतून दोनतीनदां निळा होऊं लागला. दुरुस्तीच्या दुकानांत तत्काळ निदान झालें, "सर, फॉरमॅट मारा लागते." सर्व रोगांवर एकच मात्रा देणारे वैद्य आम्हीं पूर्वीं पाहिले होते, पण ते निदान नाडी तरी धरीत! संग्रहाची दुसरी प्रत काढूं म्हटलें, तर ती निघत असतांनाच पडदा निळा होई.

आमच्या सहकाऱ्यांनीं दोष उन्हावर ठेविला. आमच्या प्रांतांत कोणत्याहि अनर्थाचा कर्ता ऊनच! परंतु जानेवारींतील पहांटे, अंगावर शाल घेऊन बसलों असतांहि, पडदा निळा झाला. पंख्यांत अडकलेले रुईचे तंतू काढले तरी फरक पडेना. तेव्हां उन्हाची निर्दोष मुक्तता करून, पडद्यावर खालीं बारीक अक्षरांत येणारें कारण आम्ही वहींत उतरवूं लागलों. एकदां 'मेमरी मॅनेजमेंट', एकदां 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदां आणखी निराळेंच. एखादा ड्रायव्हर सदोष असता तर बहुधा तेंच तें कारण फिरून आलें असतें. साक्षीदार दरवेळीं जबानी बदलूं लागला म्हणजे त्याच्या स्मरणशक्तीचाच संशय घ्यावा लागतो. विंडोजमध्येंच असलेली स्मृतिपरीक्षा रात्रभर लावून ठेविली. सकाळीं दोष असल्याचें उत्तर आलें.

यंत्रांत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून ठेविली. आठ दिवस पडदा शांत राहिला. मग त्याच खांचेंत ती काढलेली पट्टी एकटी बसविली. संध्याकाळच्या आंत पडदा निळा झाला. खांच निर्दोष, पट्टी सदोष. नवी पट्टी आणून बसविली आणि हा उपद्रव संपला.

पण खरी काळजी येथूनच सुरू झाली. निळा पडदा दिसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त करतां येतो. जेथें पडदा निळा झालाच नाहीं तेथें काय? युनिकोडच्या कोष्टकांत 'द' चा क्रमांक २३४२ व 'ध' चा २३४३ आहे. द्विमान पद्धतीनें लिहिल्यास दोहोंत केवळ शेवटच्या एका अंकाचा फरक. पट्टींतील नेमकें तेवढें घर नासलें, तर 'धुरा' चा 'दुरा' होऊन जातो, आणि यंत्राला त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. पोथ्यांचे नकलाकार एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत घोटाळा करीत. हा नवा नकलाकार शेजारच्या अंकांत करतो. 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' हेहि असेच शेजारी.

सध्यां आम्ही यंत्रांतील प्रत्येक शब्द मूळ कार्डाशीं ताडून पाहत आहों. 'भ' पर्यंत आलों. तीन शब्द फिरलेले सांपडले. दोन कार्डांवरून सुधारले. तिसऱ्याचें कार्ड वाळवीनें खाल्लें आहे, आणि तो शब्द सांगणारी आजी दोन वर्षांपूर्वीं वारली. तिच्या सुनेला विचारलें. तिनें तो शब्द ऐकलेलाच नव्हता. तो 'त' चा कीं 'थ' चा हें ठरेना, म्हणून संग्रहांत तूर्त दोन्ही रूपें देऊन पुढें प्रश्नचिन्ह ठेविलें आहे.