काळजी : करण्याची आणि घेण्याची

मराठीने चिंतेला डोक्यात फारशी जागा दिलेली नाही. पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, काळजाचा ठोका चुकतो, जिवाला घोर लागतो. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांनी ‘चिंताविकार’ असे निदान करून एसिटालोप्रामची गोळी लिहून दिली, तेव्हा मी काहीशा अविश्वासाने विचारले, “गोळीऐवजी ते चुंबकाचे उपचार नाही का चालणार?” रक्तात काही मिसळणार नाही, एवढेच मला हवे होते.

डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. १९८५ साली शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद पाठवून माणसाच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले होते. बदलते चुंबकीय क्षेत्र मेंदूत विद्युतप्रवाह उत्पन्न करते, हे त्यामागचे तत्त्व. भूल लागत नाही; मात्र आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. डोके दुखते, क्वचित झटकाही येऊ शकतो. अमेरिकेत या उपचाराला २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी आणि २०२१ मध्ये नैराश्यासोबतच्या चिंतेसाठी मान्यता मिळाली. निव्वळ चिंताविकाराबाबत मात्र गोळीच्या बाजूचा पुरावा कितीतरी अधिक. “आधी गोळी घेऊन पाहू,” ते म्हणाले.

पहिले दहा दिवस मळमळले. ही गोळी ज्या सिरोटोनिनवर काम करते, त्याचा फार मोठा भाग आतड्यांत असतो, असे नंतर वाचले आणि पोटातल्या गोळ्याविषयी माझ्या भाषेने केलेले विधान अगदीच अशास्त्रीय नव्हते, याचे समाधान वाटले. चुंबक मेंदूतला नेमका पत्ता शोधतो. गोळी गावभर दवंडी पिटते.

परंतु माझी खरी भीती ना मळमळीची होती, ना यंत्राची. मराठीत काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’ही. शब्द एकच. उपचाराने एक गेली आणि तिच्यासोबत दुसरीही गेली, तर? मुलीला उशीर झाला की दर दहा मिनिटांनी फोन करणे, हेच माझे वात्सल्य अशी माझी समजूत होती.

दीड महिन्यानंतरची एक रात्र. उत्तरपत्रिका तपासताना घड्याळाकडे लक्ष गेले : साडेअकरा. मुलगी अजून आलेली नव्हती आणि मी एकदाही फोन केलेला नव्हता. क्षणभर अपराधी वाटले. आपण बधिर तर झालो नाही? मग उठलो, आमटी गरम केली, पान वाढून ठेवले.

ती आली. “बाबा, आज एकदाही फोन केला नाहीस?” तिच्या स्वरात तक्रार होती की सुटका, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

गोळी चालू आहे. ती पुरेशी ठरली नाही, तर चुंबकाचा विचार पुन्हा करू, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हाही मी यंत्राची माहिती विचारीनच. पण आता माझा पहिला प्रश्न वेगळा असेल. उपचार कोठून आत शिरतो, हे मी नंतर विचारीन. तो काळजी करणे कमी करताना काळजी घेण्याला किती जागा देतो, हे आधी.