पहिल्या तुकडीला दादा नसतो

घरात थोरलं भावंड असलं की धाकट्याचं निम्मं आयुष्य सोपं होतं. शाळेतही तसंच असतं. कोणत्या सरांच्या तासाला वही विसरून चालत नाही, मधल्या सुट्टीत नळावर रांग कुठून लावायची, स्नेहसंमेलनात भाग घ्यायचा तर कुणाला गाठायचं, हे कोणत्याही पुस्तकात छापलेलं नसतं. ते वरच्या वर्गातली मुलं सांगतात. त्यांना त्यांच्या वरच्यांनी सांगितलेलं असतं. शाळेची परंपरा म्हणतात ती बहुतेक अशीच, तोंडातोंडी चालत आलेली असते.

पण शाळाच नवी असेल तर? वरचा वर्गच नसेल तर?

आपल्या देशात ही वेळ एकदम शेकडो शाळांवर आली ती १९८६ नंतर. खेड्यातल्या हुशार मुलाला, आईवडिलांच्या खिशाकडे न बघता, उत्तम शिक्षण मिळावं म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात निवासी शाळा काढण्याचा मार्ग त्या वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मोकळा केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५-८६ मध्ये, प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्याच होत्या. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी महाराष्ट्रातल्या अमरावतीला. आज जवाहर नवोदय विद्यालयांची संख्या साडेसहाशेच्या घरात आहे आणि तमिळनाडूचा अपवाद सोडला तर ती सर्व राज्यांत पोचली आहेत. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, निदान एक तृतीयांश जागा मुलींना. पाचवीत असताना परीक्षा द्यायची आणि सहावीला घर सोडायचं.

नवोदय विद्यालय सहसा सहावीपासून सुरू होतं आणि दर वर्षी एकेक वर्ग वाढत जातो. म्हणजे अशा शाळेत पहिल्या वर्षी आलेली मुलं बारावी पास होईपर्यंत, तब्बल ७ वर्षं, शाळेतली सर्वांत मोठी मुलं असतात. अकराव्या वर्षीच ती ‘दादा’ आणि ‘ताई’ होऊन बसतात. त्यांना मात्र दादा नसतो, ताई नसते.

त्या पहिल्या दिवसांची कल्पना करून पाहा. पत्र्याची ट्रंक, बादली, मग आणि कुलूप एवढा संसार घेऊन बाप मुलाला सोडायला आलेला. सुरुवातीच्या काळात पुष्कळ शाळांना स्वतःची इमारतही नव्हती. सरकारच्या कुठल्यातरी जुन्या, रिकाम्या वास्तूत पलंग मांडून वसतिगृह थाटलेलं असे. गावात फोन नाही. घरची खबर पोस्टकार्डावर आणि भेट पालकांच्या ठरलेल्या रविवारी. रात्री दिवे मालवले की एका कोपऱ्यातून हुंदका येई आणि मग तो सांसर्गिक रोगासारखा खोलीभर पसरे. अशा वेळी ‘पहिल्या आठवड्यात सगळेच रडतात रे, मीही रडलो होतो’ असं सांगणारं मोठं मूल त्या इमारतीत एकही नसे.

मग ते कुणीतरी व्हावं लागतं. शाळेचं सरकार खरं तर तिथे सुरू होतं. निवडणूक, बिल्ले, शपथविधी हे सगळं नंतरचं.

रचना वरून आलेली असते. प्रत्येक नवोदयात चार हाऊस असतात. अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. देणगीदाराचं, संस्थानाचं किंवा पुढाऱ्याचं नाव नाही. देशाच्या निरनिराळ्या दिशांचे डोंगर तेवढे घेतलेले. कुठल्याही राज्यातल्या नवोदयच्या मुलाला ‘तू कोणत्या हाऊसचा?’ असं विचारलं की चारांपैकीच एक उत्तर येतं. हाऊसला कॅप्टन असतो, शाळेला कॅप्टन असतात, भोजनगृहासाठी मुलांचे प्रतिनिधी असतात. पहाटेची घंटा, कवायत, परिपाठ, वर्ग, खेळ, रात्रीचा अभ्यास आणि हजेरी असा दिवस बांधलेला असतो.

पण चौकट मिळाली म्हणून तिच्यात जीव येत नाही. अकरा वर्षांच्या मुलाच्या शर्टाला ‘कॅप्टन’ असा बिल्ला लागला म्हणजे त्याने काय करायचं? काल रात्री ज्याच्याशी उशांची मारामारी केली, त्यालाच आज रांगेत उभं करायचं? सगळे एका वयाचे, एका वर्गातले. वयाचा मान नाही की वर्गाचा मान नाही. जिवलग मित्र कवायतीला दांडी मारून पांघरुणात झोपलेला आहे आणि गैरहजर मुलांच्या यादीत नाव लिहायचं आहे. लिहिलं तर मैत्री जाते आणि नाही लिहिलं तर उद्यापासून कुणीच ऐकत नाही. मोठमोठ्या सत्ताधाऱ्यांना न सुटलेलं हे कोडं सहावीतल्या पोराला न्याहारीच्या आत सोडवायचं असतं!

दुसरी परीक्षा भोजनगृहात. वाढपाची पाळी आपल्याकडे आली की डाव आपल्या हाती येतो. गोडाचा दिवस असला की मग विचारूच नका. आपल्या तालुक्याच्या मुलाला जरा जास्त, कालच्या भांडणातल्याला जरा कमी. हे कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते उलट, की डाव सगळ्यांना सारखा पडला पाहिजे आणि वाढणाऱ्याने शेवटी जेवलं पाहिजे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘समता’ हा शब्द पाठ करून गुण मिळतात. समजतो तो इथे, रिकाम्या होत आलेल्या पातेल्याशी.

महाराष्ट्राला हा धडा तसा जुनाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, तेव्हा तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंक्तीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. त्या काळी बाहेरच्या जगात जे चालत नव्हतं, ते त्या चार भिंतींत मुलांनी रोज दोन वेळा करून दाखवलं. पुढे आलेल्यांना ती पंक्ती आयतीच मिळाली. पहिल्यांदा मांडी घालून बसणाऱ्यांना किती धीर लागला असेल!

नव्या शाळेची खरी कसोटी मात्र लागते ती दुसऱ्या वर्षी. नवी मुलं ट्रंका घेऊन फाटकातून आत येतात आणि कालपर्यंत धाकटी असलेली मुलं पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे बघतात. त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक वाट म्हणजे पुढे होऊन ट्रंकेची एक कडी धरायची आणि ‘चल, तुझा पलंग दाखवतो’ म्हणायचं. दुसरी वाट म्हणजे आपले मळके कपडे त्याच्या बादलीत टाकायचे आणि ‘धुऊन आण’ म्हणायचं. दोन्ही सोप्या आहेत आणि दोन्हींची परंपरा व्हायला एकच वर्ष पुरतं. ज्याची ट्रंक कुणी उचलली, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याची उचलतो. ज्याने कपडे धुतले, तो पुढच्या वर्षी धुऊन घेतो आणि वर म्हणतो, ‘आम्हीही सोसलंय.’ वसतिगृहांतल्या छळाच्या कितीतरी कहाण्यांचं मूळ या एका वाक्यात असतं.

म्हणून शिक्षकांनी पहिल्या तुकडीला जपायचं ते एवढ्यासाठी. नवोदयात शिक्षक आवारातच राहतात. रात्री-अपरात्री ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसायला तेच असतात. त्यांना एक मोह टाळावा लागतो. विद्यार्थी मंडळाला फक्त रांगा लावायचं आणि चहाड्या सांगायचं काम दिलं, तर ते मंडळ शिक्षकांचं पोलीस खातं होतं. खेळाचं सामान कसं वाटायचं, हाऊसची भांडणं कशी मिटवायची, नव्या मुलांचं स्वागत कसं करायचं, अशा गोष्टींत मुलांना खरा निर्णय घेऊ दिला आणि तो चुकला तर निस्तरूही दिला, तरच ते सरकार.

याच शाळांत आणखी एक प्रघात आहे. नववीतली सुमारे ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात जातात. महाराष्ट्रातली मुलं हिंदी भाषक राज्यात आणि तिकडची मुलं इकडे. घर सोडून तीन वर्षं झालेली ही मुलं पुन्हा एकदा नव्याने परकी होतात. भात कालवणाऱ्यांच्या पंक्तीत पोळी मागणारा किंवा हिंदीत लिंगाची चूक करून हसू ओढवून घेणारा पोर तिथे कसा वागवला जातो, यावरून त्या शाळेच्या पहिल्या मुलांनी काय पेरलं होतं ते कळतं. त्यांना कुणी ओळखत नसेल, त्यांची नावं कुठल्या फलकावर नसतील. पण ‘बाहेरून आलेल्याला आधी वाढायचं’ ही त्यांची रीत चालू असेल, तर ती मुलं अजून तिथे आहेतच म्हणायची.

१९८६ ची ती सहावीतली मुलं आज पन्नाशीला आली आहेत. आणि गोष्ट संपलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २८ नवोदय विद्यालयांना मंजुरी दिली. त्यांत अरुणाचल, आसाम, तेलंगणातली आहेत, तशी महाराष्ट्रातल्या ठाणे जिल्ह्याचीही एक. म्हणजे पुन्हा ट्रंका, पुन्हा नवे बिल्ले आणि पुन्हा दादा नसलेली मुलं.

ज्यांची मुलं अशा नव्या शाळेत जातील, त्या आईवडिलांना भेटीच्या रविवारी विचारायला हजार प्रश्न असतील. जेवण कसं आहे, अभ्यास झेपतो का, घरची आठवण येते का? ते तर विचारायचेच. पण मूल दुसऱ्या वर्षात गेलं की आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘नवीन मुलं आली ना रे? मग त्यांची ट्रंक कुणी उचलली?’