घराचे प्रगतिपुस्तक

माझी धाकटी बहीण कित्येक वर्षे इंग्लंडात आहे. गेल्या वर्षी तिने आपले जुने घर दुरुस्त करून घेतले आणि मला एका कागदाचा फोटो पाठवला. हिरव्यापासून लालपर्यंत पट्ट्या आणि त्यांवर ‘ए’पासून ‘जी’पर्यंत अक्षरे. “दादा, आमचं घर ‘ई’वरून ‘सी’वर आलं!” हे तिने अशा थाटात कळवले की, भाच्याचाच निकाल लागला की काय, असे मला वाटले. तिकडे घर विकायचे वा भाड्याने द्यायचे तर हे प्रमाणपत्र लागते, आणि ते दहा वर्षे चालते. घर उबदार ठेवायला किती खर्च येतो, भिंतींतून नि छपरातून किती ऊब निसटते, यावर ते अक्षर ठरते. पेपर तपासून डोळे शिणलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला घरालाही गुण मिळतात याची मोठी मौज वाटली.

आपल्याकडे हा विचार मुळीच झाला नाही असे नाही. केंद्र सरकारने 2018 साली ‘इको निवास संहिता’ काढली. छपरातून किती उष्णता आत येऊ द्यावी याची मर्यादा तीत घातली आहे. उघड्या सिमेंटच्या स्लॅबमधून तिच्या दुपटीहून अधिक येते. मात्र ती संहिता आखली होती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जे सरकारी घरकुल बांधतात, ते असते कमीत कमी 25 चौरस मीटरचे!

मागच्या मे महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी गेलो होतो. मोखाड्याच्या बाजूचा पाडा. पुढे नवे घरकुल, मागे जुने घर. घरकुलाचे हप्ते टप्प्याटप्प्याने, बांधकामाचे फोटो पाहून मिळतात. तेव्हा त्याची परीक्षा होत नाही असे कोण म्हणेल? पाया झाला, छप्पर झाले, पास! फक्त दुपारी आत बसवते का, हा प्रश्न त्या परीक्षेत नाही.

मुलीची आजी निजायला मागच्या घरी जाते. नवे घर पाहुण्यांसाठी, असे ती हसत सांगते. मी आत जाऊन पाहिले. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौले. कौलांच्या फटींतून धूर जातो, तशी गरम हवाही जाते. स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि माणसे अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा ते सावकाश परत करू लागतो. रात्री नऊला त्या खोलीत मला पंख्याखालीही घाम फुटला होता.

आता एवढ्यावरून कुडाच्या घराची आरती ओवाळणारी शहरी मंडळी मला ठाऊक आहेत. (त्यांतला एकही कुडात राहत नाही.) मुलीच्या बापाला विचारा. दर पावसाळ्याआधी कौले चाळायची, कुजलेल्या काठ्या बदलायच्या, भिंती पुन्हा लिंपायच्या. आगीची भीती, सापाची भीती. इकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला न गळणारे छप्पर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पक्के घर त्याने कष्टाने मिळवले आहे, आणि जुने मोडून त्याचे वासे-कौले विकायचा त्याचा बेत होता.

“सर, बाबा तुमचं ऐकतील,” मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली. “घर मोडलं तर आजी निजेल कुठं?”

मी स्थापत्यशास्त्राचा नव्हे, मराठीचा माणूस. पण जुनी कौले विकण्याऐवजी बांबूच्या सांगाड्यावर, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून, स्लॅबवरच घातली तर ऊन स्लॅबला लागणारच नाही, एवढे मला कळत होते. तेवढे जमेपर्यंत वरून पांढरा चुना फासावा. पांढरा रंग पुष्कळसे ऊन परतवून लावतो. हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, नव्या घरावर जुनी कौलं? लोक काय म्हणतील?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बहिणीच्या त्या कागदावर पाड्याच्या नावाने एखादे ठसठशीत ‘ए’ असते, तर मी ते त्याच्यापुढे धरले असते.

पावसाळ्यानंतर मुलगी कॉलेजात भेटली. स्लॅबवर चुना मारायचे ठरले आहे. कौलांचे अजून काही नाही. पण आजीचे घर निदान होळीपर्यंत मोडायचे नाही, असे तिच्या बापाने कबूल केले आहे.