पाच माणसे, तीन तिकिटे

प्रवासाला निघण्यापूर्वी कोणी पंचांग पाहतो, कोणी रेल्वेचे वेळापत्रक. आमच्या घरी मात्र किराण्याचे बिल पाहतात! हा प्रकार कसा सुरू झाला ते सांगायचे तर चार वर्षे मागे जायला हवे.

अमरावतीत आमच्या घराजवळ तेव्हा एक मोठे सुपरमार्केट निघाले. तेथे गिऱ्हाईकाला कार्ड देत. शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट आणि एका पॉइंटचा एक रुपया, असा सुटसुटीत हिशेब. सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी जाहीर केले, "अहो, या पॉइंटांवर आपण सगळ्यांनी चिखलदऱ्याला जायचं."

मी मराठीचा मास्तर. गणिताशी माझे जुने वैर. तरी विचारलेच, "पॉइंट एस.टी.च्या कंडक्टरला चालतील का?"

"पॉइंटांवर तेल आणि तूरडाळ आणायची, आणि वाचले तेवढे रोख पैसे डब्यात टाकायचे. एवढंही कळत नाही?"

कळले. आणि युक्ती चोख आहे हे मान्यही केले. तशी ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी १८४४ साली विणकर आणि इतर कष्टकरी मंडळींनी सहकारी दुकान काढले, तेव्हा ज्याची जेवढी खरेदी, त्याला तेवढा नफ्याचा वाटा, असा नियम त्यांनी केला. त्या दुकानाचे मालक गिऱ्हाईकच होते. पुढे १९८१ साली एका अमेरिकन विमान कंपनीने प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देण्यास प्रारंभ केला, आणि १९९५ साली इंग्लंडातल्या टेस्को या दुकानाने आपले कार्ड काढले. रॉचडेलचा वाटा हा हक्क होता, कार्डाचा पॉइंट हे आमिष आहे, एवढाच काय तो फरक. पण हा फरक आम्हांला उशिरा उमगला.

महिन्याचा किराणा नऊ हजारांचा, म्हणजे वर्षाचे पॉइंट हजारावर ऐंशी. सारे एकदमच वटवू, म्हणून सौभाग्यवतींनी तीन वर्षे त्यांना हात लावला नाही. दुप्पट पॉइंटांच्या मोहाने सॉसच्या तीन बाटल्या मात्र घरात आल्या. त्यांतली एक तशीच फेकावी लागली. शेवटी गेल्या दिवाळीच्या आधी ती मोठ्या ऐटीत काउंटरवर उभी राहिली, तेव्हा तेथल्या पोराने अगदी नम्रपणे सांगितले, "मॅडम, पॉइंटाची मुदत एक वर्षाची असते." तीन वर्षांच्या पुंजीतून हाती लागले जेमतेम अकराशे रुपये. चिखलदऱ्याला पाच माणसांचा मुक्काम त्यात बसण्यासारखा नव्हता.

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. बोलली ती आई.

"मले तुमचं चिखलदरं नको, बाप्पा. माह्या भावाले पाहून तीन वर्षं झाले. अकोल्याले घेऊन चला."

मी चपापलो. अमरावतीहून अकोला सुमारे शंभर किलोमीटर. सकाळी निघावे, रात्री परतावे. पण कधी परीक्षेच्या वह्या, कधी मुलांचे क्लास, कधी आईचे गुडघे आणि बाकीच्या वेळी 'चिखलदऱ्यासाठी पैसे राखायचे आहेत' हे कारण! मामांची नजर अधू झालेली, म्हणून त्यांचे येणेही थांबलेले. मोठ्या प्रवासासाठी पैसे राखता राखता आम्ही लहान प्रवास बुडवीत होतो.

भाऊबीजेच्या सकाळी एस.टी.त बसलो. तिकिटाचा हिशेब या खेपेस मी केला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे. आईने आपले आधार कार्ड कंडक्टरपुढे धरले. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. म्हणजे सौभाग्यवती आणि कन्या मिळून एक. पूर्ण तिकिटाचे धनी दोघेच, मी आणि नुकतीच बारा वर्षे ओलांडलेले चिरंजीव. पाच माणसे, तीन तिकिटे! ज्या सवलतीसाठी एक बाटलीही सॉस घ्यावा लागला नव्हता, तीच खरी सवलत ठरली.

रस्ता गुळगुळीत. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. दोहो बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच हिरवीगार तूर. मूर्तिजापूर आले तशी आई खिडकीशी सरसावली. लहानपणी ती येथून शकुंतला गाडीने अचलपूरच्या मावशीकडे जाई. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गावर आणण्यासाठी इंग्रज कंपनीने घातलेली ही चिमुकली रेल्वे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती बंद पडली आहे. "इतकी हळू चाले," आई नातवाला सांगत होती, "का पोट्टे उतरून बोरं तोडत अन् पुन्हा चढत."

मामांचे घर अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून जवळ. मामा ओसरीवरच बसले होते. नजर अधू असली तरी बहिणीच्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला. दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. आत वहिनींनी पातोडीची भाजी केली होती, तिचा वास साऱ्या घरभर दरवळत होता.

जेवणाआधी आईने ओवाळले. मामांनी सुनेला हाक मारून चहाचा जुना डबा मागवला. त्यातून चार पाकिटे निघाली. प्रत्येकावर साल लिहिलेले. पहिल्यावरचे अक्षर वळणदार, शेवटच्यावरचे अगदी वेडेवाकडे. प्रत्येकात एकावन्न रुपये.

"हे काय, दादा?" आई म्हणाली.

"तीन वर्षं तू आली नाहीस," मामा म्हणाले, "म्हणून काय तुही ओवाळणी बुडवतो काय मी?"

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहू लागलो.

आता आमच्या घरी नवा नियम आहे. पॉइंट दर तीन महिन्यांनी वटवायचे, त्यांच्यासाठी म्हणून काहीही विकत घ्यायचे नाही, आणि वाचलेले पैसे डब्यात टाकायचे. त्या डब्यावर कन्येने कागद चिकटवून 'अकोला' असे लिहिले आहे. चिखलदरा अजून व्हायचाच आहे. तो डोंगर कुठे जात नाही.