जीपने दाभोळपर्यंत

आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटखाली एक दगड असतो. जांभ्याचा, विटेएवढा, एका बाजूने उतरता. गाडी चढावर किंवा उतारावर उभी केली की आमच्यापैकी कुणीतरी आधी खाली उडी मारतो, दगड चाकाला लावतो आणि मगच बाकीचे उतरतात. घरातल्या मुलांना सायकल चालवता येण्याआधी दगड लावता येतो, असं अम्मी थट्टेने म्हणतात.

याला कारण हँडब्रेक. या जातीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा ड्रम असतो. वरून तेल झिरपलं की ब्रेक घसरतो, आणि तेल तर झिरपतंच. दरवर्षी आम्ही सील बदलतो, दरवर्षी काही महिन्यांत अंगणात पुन्हा काळे थेंब दिसतात. अब्बांचं यावर ठरलेलं उत्तर आहे, "उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा. आपला उंट दगडाने बांधतात, एवढंच."

यंदा हा उंट ठेवायचा की विकायचा, हा प्रश्न घरात आला. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. आमच्या जीपची मुदत संपत आली होती. त्यातच पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी फोनवर चांगली किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत एक छोटी, बंद काचांची, वापरलेली का होईना, कार आली असती. आम्हा दोघांचं मत विकावी असं होतं. अम्मींच्या कमरेचंही तेच मत होतं. अब्बा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरनंतर म्हणाले, "विकायची तर विका. पण आधी एकदा दाभोळला नेऊन आणा. अम्मांचं माहेर ते."

अब्बांच्या अम्मा म्हणजे आमच्या दादी.

आमचं गाव खेड तालुक्यात, जगबुडीच्या खाडीकाठी. दादा जहाजावर खलाशी होते. नोकरी संपवून आले, तेव्हा साठवलेल्या पैशांतून त्यांनी लष्कराच्या लिलावातली ही जीप घेतली. लोक हसले, कारण वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. डांबरी सडकेपासून पुढे तीन किलोमीटर कातळाचा सडा, मग लाल मातीचा उतार आणि शेवटी वहाळ. दादांचं म्हणणं असं, की रस्ता नाही म्हणूनच जीप घेतली. त्या वाटेने मग तांदळाची पोती आली, आंब्याच्या पेट्या गेल्या, नव्या नवऱ्या आल्या आणि बाळंतिणी दवाखान्यात पोहोचल्या. आमच्या वाडीतली तशीच शेजारच्या कुणबीवाडीतलीही.

या गाडीचा जन्मच अशा वाटांसाठी झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर लावणारी गाडी हवी होती. 1940 च्या सप्टेंबरात पहिला नमुना तयार झाला आणि युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनवल्या. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली ती महिंद्र कंपनीत. या कंपनीचं 1945 मधलं मूळ नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होतं, हे आमच्या मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. दोन 'एम' होते, ते दोनच राहिले. आमची जीप त्याच कुळातली. पण इतक्या गॅरेजांत इतके भाग बदलले गेले आहेत, की आता ती कुणा एकाची म्हणता येणार नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. पुढे चालवणारा आणि अब्बा, मागे अम्मी, आम्हा दोघांपैकी दुसरं आणि दोन मुलं. सफरची दुआ झाली. तीन वेळा चोक ओढल्यावर इंजिन धरलं. वाडीचा चढ लागला तसं चालकाने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब फिरवले, मग लहान दांडा ओढून 'लो'मध्ये टाकला. आता गाडी माणसाच्या चालीने जाते, पण थांबत नाही. पावसाने धुऊन काढलेल्या चरांतून, उघड्या पडलेल्या दगडांवरून ती एकेक चाक असं ठेवते, जसं म्हातारं माणूस पाखाडी चढताना पाऊल ठेवतं. या तीन किलोमीटरमध्ये तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

तक्रारी डांबरावर सुरू होतात. खेडहून दापोलीच्या रस्त्याला लागलो आणि सगळे दोष एकेक करून गाडीत येऊन बसले. पाट्यांच्या स्प्रिंगा इतक्या कडक, की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो. स्टिअरिंगला चार बोटांची ढिलाई. चाळीसच्या पुढे गेलं की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून घरातली भांडणं जीपमध्ये होत नाहीत. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली आहे, त्यामुळे पंपावर पेट्रोल भरताना चालकाला उठून उभं राहावं लागतं. आणि ते वरचेवर भरावं लागतं, कारण लिटरला आठ किलोमीटर झाले तरी अल्हमदुलिल्लाह. पावसाळ्यातली गंमत आणखी निराळी. वायपर इंजिनच्या ओढीवर चालतात. चढावर इंजिनवर भार आला की ते मधेच थांबतात. म्हणजे घाटात, धुक्यात, जिथे काच स्वच्छ हवी, तिथेच ते नमाजीसारखे स्तब्ध उभे! तेव्हा पाय जरा सैल सोडायचा, काच पुसून घ्यायची आणि पुन्हा चढायचं.

वाकवली मागे पडली, दापोली आली. बाजारात चहा घेतला. दापोली सोडल्यावर कापलेल्या भाताची खाचरं आणि पिवळं पडत चाललेलं गवत लागलं. मग रस्ता वळणं घेत खाली उतरतो आणि एकदम समोर वाशिष्ठीची रुंद खाडी दिसते. तेच दाभोळ.

आज शांत दिसणारं हे गाव बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. घोडे इथे उतरत, कापड इथून जाई, हाजींची जहाजं इथून सुटत. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्याजवळ काळ्या दगडाची देखणी मशीद आहे. मधोमध मोठा घुमट, चार बाजूंना मिनार. लोक तिला 'अंडा मशीद' म्हणतात, जुनी माणसं 'मासाहेबांची मशीद'. सांगतात असं, की विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जायला निघून दाभोळपर्यंत आली, पण समुद्र सुरक्षित नव्हता. सफर इथेच थांबली. मग सफरसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. बांधकाम सतराव्या शतकाच्या मध्यावरचं.

जोहरची नमाज झाल्यावर आम्ही तिथे सावलीत बसलो. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी सोडली. अब्बा मशिदीकडे बघत म्हणाले, "निघालेली प्रत्येक सवारी पोचतेच असं नाही." ते शहजादीबद्दल बोलत नव्हते, हे आम्हाला कळलं.

दादी मुंबईत वारल्या, तो जुलै महिना होता. गावच्या कब्रस्तानात दादांच्या शेजारी जागा मिळावी, अशी त्यांची इच्छा. रात्रभर प्रवास करून ॲम्ब्युलन्स पहाटे सड्याच्या तोंडाशी पोहोचली आणि थांबली. पुढे चिखल. जीपच्या मागच्या सीटा काढून ठेवल्या होत्या. जनाजा तीत ठेवला, उतार नीट उतरलो आणि वहाळात शिरलो. पाणी गुडघ्याच्या वर होतं. या जीपने पाणी ओलांडायचं तर आधी इंजिनच्या पंख्याचा पट्टा काढायचा असतो, नाहीतर पंखा पाणी उडवतो, ते डिस्ट्रिब्युटरवर पडतं आणि ठिणगी बंद होते. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या पहाटे कुणालाच आठवलं नाही. वहाळाच्या मधोमध इंजिन बंद पडलं.

वाडीतून माणसं धावत आली. कुणबीवाडीतलेही आले, डोक्यावर इरली आणि हातात दोर घेऊन. दोराला धरून दोन्ही बाजूंनी रांग झाली आणि दादी पाण्यातून खांद्यांवर पुढे गेल्या. पावलापावलाला खांदा बदलत होता. जीप दुसऱ्या दिवशी बैल जुंपून बाहेर काढली. अब्बांनी तिला एक शब्दही बोल लावला नाही. "तिने आपला दोष लपवला नव्हता," ते म्हणाले होते. "आपण विसरलो."

मशिदीच्या सावलीत हे सगळं आठवून झाल्यावर जीप विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. परतीचं ठरलं होतं ते फेरीबोटीने. समोरचं धोपावे दहा-पंधरा मिनिटांवर आहे, सडकेने वळसा घालून जायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. धक्क्याच्या उतारावर गाड्यांची रांग होती. बोटीवर उलट्या चढवता याव्यात म्हणून गाड्या वळवून घेत होते. आमची जीप चढाकडे तोंड करून उभी होती, मागे एक लाल कार. गिअर बदलताना इंजिन बंद पडलं. पायाचा ब्रेक दाबला होताच, पण दाबता दाबता गाडी हातभर मागे गेली.

तेवढ्यात आमची बारा वर्षांची मुलगी दगड घेऊन खाली उडी मारून मोकळी झाली होती. जीप आणि कार यांच्यामधल्या जागेत वाकून तिने दगड चाकाखाली सरकवला आणि हात झटकत हसली. बोटीवरचा खलाशी ओरडला, "शाब्बास!" रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आम्हा दोघांच्या पायांतलं बळ मात्र गेलं होतं. ब्रेकवरचा पाय निसटला असता तर? त्या दोन गाड्यांच्या मधे आमचं लेकरू होतं.

बोट सुटल्यावर कुणी बोलेना. अब्बांनी सवयीने उंटाचं वाक्य सुरू केलं. अम्मींनी त्यांना मधेच थांबवलं. "उंट बांधायचा, खरं आहे. पण ते काम लेकराला सांगायचं नसतं."

अब्बा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग नातीला जवळ घेऊन म्हणाले, "आजपासून तू दगड लावायचा नाहीस. चुकलं माझं."

आम्हाला आमचीच लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही त्या हँडब्रेकवर विनोद करत होतो. विनोद करता करता तो दोष घरातलाच एक मेंबर झाला आणि त्याला सांभाळायचं काम सगळ्यात लहान हातांकडे गेलं. एखाद्या वस्तूवर जीव असणं वेगळं आणि तिच्या खोडीपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणं वेगळं. कडक सीट, थांबणारे वायपर, पेट्रोलचा खर्च, हे आम्ही आमच्या अंगावर घेऊ शकतो. ब्रेक मात्र आमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचाही असतो.

धोपाव्याहून गुहागरमार्गे चिपळूणला पोहोचेपर्यंत मगरिब झाली. बाजारातून जाताना मुलाला 22 जुलै 2021 चा पूर आठवला. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर गल्ल्यांमध्ये घोटाभर गाळ साचला होता. तेव्हा गावातून पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि भाकऱ्या घेऊन हीच जीप दोन दिवस खेपा घालत होती. "मग विकायची का?" त्याने विचारलं. अम्मी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आधी ब्रेक. मग बाकीचं."

तसंच केलं आहे. खेडच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स खाली उतरवला. नुसतं सील बदलून भागणार नव्हतं. शाफ्टवर जिथे सील बसतं तो भाग झिजला होता, म्हणून दरवर्षीचं नवं सील टिकत नव्हतं. तो भाग बदलला, ड्रम साफ केला, ब्रेकला नवं लायनिंग लावलं. मागच्या सीटांना पट्टे बसवले. खर्च ऐकून आम्ही दोघं गप्प झालो, पण तो आधीच करायला हवा होता. हायवेवर आणि रात्री जीप न्यायची नाही, असंही ठरलं आहे. सड्यावरच्या रस्त्याला यंदा काँक्रीट पडतं आहे. तो पुरा झाला की ॲम्ब्युलन्स थेट वाडीत येईल, इन्शाअल्लाह, आणि जीपचं अर्धं काम संपेल. उरलेलं अर्धं वहाळापलीकडच्या वाटेवर आहे. पुण्याच्या गृहस्थांना आम्ही तूर्त नाही म्हणून कळवलं.

हँडब्रेक आता धरतो. वाडीच्या चढावर, दगडाशिवाय, अब्बांनी तीनदा पाहून घेतलं. तरी दगड सीटखाली आहेच, फक्त तो लावायचा मान आता आम्हा दोघांचा.

पुढच्या महिन्यात तपासणी आहे. दुआ करा.