महेश्वरच्या वऱ्हाडांतील कॅमेऱ्याची पिशवी

लग्नासाठीं गांव सोडून जाणें आपल्याकडे नवें नाहीं. बैलगाड्यांतून नदीनाले ओलांडीत वधूच्या गांवीं जाणारीं वऱ्हाडें आपल्या पणजोबांनीं पाहिलीं होतीं. परंतु त्या वेळीं निदान एक पक्ष तरी आपल्या घरीं असे. समईला तेल कमी पडलें तर शेजारून येई. पाट अपुरे झाले तर मागल्या दारानें पाट येत. आतां वधूपक्ष आणि वरपक्ष असे दोघेही पाहुणे होऊन एखाद्या तिसऱ्याच रम्य स्थळीं जमतात. या नव्या रीतींत हौस पुष्कळ आहे. पण घरांतील ज्या वडीलधाऱ्यांना जिनाही चढवत नाहीं, त्यांनीं विमान, मोटार आणि घाटाच्या पायऱ्या असा प्रवास कसा करावा? तीं माणसें मागें राहतात, आणि त्यांच्या वांट्याला लग्न येतें तें केवळ छायाचित्रांतून.

२०२५ सालच्या माघांत आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येचा विवाह महेश्वर येथें झाला, व छायाचित्रें घेण्याचें काम मजकडे आलें. नव्वदीला टेकलेल्या आजी पुण्यासच राहणार होत्या. थाटमाट नको, माणसें दाखव, एवढेंच त्यांचें मला सांगणें होतें. पिशवी भरतांना कोणती वस्तु घ्यावी आणि कोणती ठेवावी, याचा निवाडा मी त्या एका वाक्यावर केला.

महेश्वर हें नर्मदेच्या उत्तर तीरावरील गांव. १७६७ पासून १७९५ पर्यंत पुण्यश्लोक अहिल्याबाईंनीं होळकरांचा कारभार पाहिला, तो येथूनच. इंदूरच्या विमानतळाला त्यांचेंच नांव आहे. तेथून मोटारीनें सुमारें नव्वद किलोमीटर जावें लागतें. विंध्याची उतरण संपली कीं निमाडचा सखल प्रदेश लागतो आणि हवा बदलल्याचें जाणवतें. किल्ल्याच्या तटाखालीं रुंद दगडी घाट, समोर नर्मदेचें विशाल पात्र आणि पात्राच्या मध्यावर बाणेश्वराचें लहानसें देऊळ, असा तेथील देखावा आहे.

या देखाव्यांत छायाचित्रकारानें सर्वप्रथम दिशा पाहावी. घाटाचें तोंड दक्षिणेस आहे, आणि हिवाळ्यांत सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळें घाटावर दिवसभर ऊन असतें. सकाळीं तें डावीकडून, नदी जिकडून येते तिकडून, कोंवळें येतें. दुपारीं मात्र नदीकडे पाहणारी वधू डोळे बारीक करते व कपाळाखालीं काळी सांवली पडते. म्हणून मांडवाचें कापड पांढरें असावें, अशी विनंति मी यजमानांना महिनाभर आधींच केली होती. लाल कापडाखालीं प्रत्येक चेहरा तांबडा दिसतो, आणि मग हळद कोणती व कुंकू कोणतें हें चित्रांत उमगत नाहीं. त्याच कारणासाठीं राखी रंगाचा एक पुठ्ठाही मीं बरोबर घेतला. त्याचें एक चित्र घेऊन ठेवलें म्हणजे पुढें सर्व रंग त्याच्या आधारानें जुळवितां येतात.

आतां मुख्य सामान. मंगलाष्टकांचें शेवटचें ‘सावधान’ होतें, अंतरपाट दूर होतो आणि दोघें एकमेकांकडे पाहतात. तो क्षण भटजींना पुन्हां करावयास सांगतां येत नाहीं. म्हणून कॅमेरे दोन, आणि दोन्ही एकाच जातीचे हवेत, म्हणजे भिंगें व बॅटऱ्या परस्परांस चालतात. एकावर जवळचीं माणसें टिपणारें भिंग, दुसऱ्यावर लांबचें. तिसरें एक लहान व फार प्रकाश घेणारें भिंग मीं आग्रहानें घेतलें. गौरीहरापाशीं अन्नपूर्णेसमोर बसलेली वधू बहुधा अंधाऱ्या खोलींतच असते, आणि तेथें झगझगीत दिवा पाडला तर त्या घटकेची शांतता भंगते. सूनमुखाच्या वेळीं सासूबाई आरशांत सुनेचें मुख पाहतात. आरशांतील तो चेहराही याच भिंगानें चांगला येतो. माहेश्वरी लुगड्याच्या कांठावर किल्ल्याच्या नक्षीचे नमुने विणलेले असतात. तेही जवळून टिपतां यावे, एवढी सोय हवी.

बॅटऱ्यांविषयीं नियम पक्का आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानांत ठेवतां येत नाहींत. त्या हातच्या पिशवींतच न्याव्या लागतात, आणि त्यांचीं टोकें झाकावीं लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस वेगळी परवानगी लागत नाहीं. कॅमेऱ्याची बॅटरी साधारणतः १६ वॅट-तासांच्या आसपास असते. प्रत्येक कॅमेऱ्यामागें तीन घ्याव्या. देशांतल्या बहुतेक विमानांत हातच्या पिशवीस ७ किलोंची मर्यादा असते. दोन कॅमेरे, तीन भिंगें, एक फ्लॅश आणि बॅटऱ्या त्यांत बसतात. ट्रायपॉड आणि कपडे खुशाल खालीं जाऊं द्यावे.

मागें काय ठेवलें तेंही सांगतों. ड्रोन नेला नाहीं. २०२१ च्या नियमांप्रमाणें उड्डाणापूर्वीं त्या जागेचा नकाशा पाहून परवानगीची खात्री करावी लागते, हें एक. आणि मंगलाष्टकांच्या सुरांवर त्याची घरघर मला नको होती, हें दुसरें. आकाशांतून घाट सुंदर दिसतो खरा, पण तेथून मामांचे पाणावलेले डोळे दिसत नाहींत.

माघांतली पहांट थंड असते. घाटावरून गारठलेला कॅमेरा एकदम स्वयंपाकाच्या वाफेंत नेला तर भिंगावर दंव धरतें. म्हणून आंत येण्यापूर्वींच तो प्लास्टिकच्या पिशवींत बंद करून अर्धा तास तसाच ठेवावा. दोन पैशांची ही पिशवी मोठें काम करते.

परततांना पिशवींतील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे नखाएवढीं मेमरी कार्डें. कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय असल्यास दोहोंवर एकाच वेळीं चित्रें उतरतील अशी योजना करावी. येतांना एक संच आपल्यापाशीं व दुसरा घरांतील दुसऱ्या जबाबदार माणसापाशीं द्यावा. तोही निराळ्या गाडीनें येणाऱ्या.

आणि घरीं पोंचल्यावर हजार चित्रें निवडण्याची वाट पाहूं नये. आम्हीं पहिल्या आठवड्यांत केवळ चाळीस चित्रें मोठ्या आकाराच्या कागदावर छापून घेतलीं, कारण आजींना दूरध्वनीच्या कांचेवर बोटानें चाळणें जमत नाहीं. त्यांनीं पाहुण्यांचीं नांवें एकेक करून घेतलीं, एका चित्रापाशीं थांबून धाकट्या नणंदेची प्रकृति विचारली, आणि अंतरपाटाचें चित्र देवघराजवळच्या कोनाड्यांत ठेवावयास सांगितलें.