दहा मिनिटांत येतो

मॉस्कोत एक धिप्पाड काळा बोका ट्रॅममध्ये चढतो आणि तिकिटाचे पैसे पुढे करतो. कंडक्टरबाई खेकसते, मांजरांना मनाई आहे, उतर खाली! बोका तिकीट काढतोय याचं ना तिला नवल, ना उतारूंना. मिखाइल बुल्गाकोव्हची ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ इंग्रजी अनुवादातून वाचताना मी इथे खो खो हसले. मग वाटलं, ज्या शहराला कशाचंच नवल उरलेलं नाही, तिथे या बोक्याचा धनी सैतान येऊन आणखी काय करणार?

करतो मात्र पुष्कळ. तळ्याकाठच्या बाकावर बसून संपादक बर्लियोझला त्याचं मरण आधीच सांगतो: आन्नुश्काने तेल विकत घेतलंय, सांडलंसुद्धा. थिएटरात नोटांचा पाऊस पाडतो. बायकांना फुकट पॅरिसचे झगे वाटतो, रस्त्यावर येताच ते अंगावरून नाहीसे होतात. हा सगळा धुमाकूळ बुल्गाकोव्ह पंचनाम्याच्या थाटात लिहितो.

आणि जे खरोखर घडत होतं, ते चेटूक म्हणून सांगतो. सादोवाया रस्त्यावरच्या पन्नास नंबरच्या बिऱ्हाडातून सैतान येण्याच्या दोन वर्षं आधीपासूनच माणसं गायब होतायत. पांढरे हातमोजे घातलेला पोलीस येतो, एका भाडेकरूला सहीपुरतं बोलावतो. दहा मिनिटांत येतो, असं मोलकरणीला सांगून तो जातो तो जातोच. मग दुसरा. खोल्यांना मोहरा लागतात. देवभोळी अनफीसा म्हणते, चेटूक, दुसरं काय! स्टालिनच्या मॉस्कोत हा चेटक्या कोण ते कुणाला विचारावं लागलं नसतं. बुल्गाकोव्ह स्वतः तरुणपणी त्याच रस्त्यावर, पन्नास नंबरच्याच सामायिक बिऱ्हाडात राहिला होता.

पण मला छळलं ते मास्टरच्या कोटाने. येशूला सुळी देणाऱ्या पिलात या रोमन सुभेदारावर कादंबरी लिहिणाऱ्या या माणसाच्या खिडकीवर ऑक्टोबरात टकटक होते. जानेवारीत तो त्याच कोटात, गुंड्या तुटलेल्या, आपल्याच अंगणात थंडीने कुडकुडत उभा असतो. मधल्या महिन्यांचं काय? ते तो मनोरुग्णालयात भेटलेल्या एका कवीच्या कानात सांगतो. आपल्याला ऐकू येत नाही. बोलक्या बोक्यावर पानंच्या पानं उधळणारा लेखक इथे वाचकाला दाराबाहेर उभं करतो.

म्हणूनच मास्टरची प्रेयसी मार्गारिटा झाडूवर बसून उडते आणि त्याला झोडपणाऱ्या लातुन्स्की या समीक्षकाच्या घरात शिरून त्याचा पियानो हातोडीने फोडते, तेव्हा होणारा आनंद निव्वळ सुडाचा असतो. मी तो मनसोक्त घेतला. येर्शलाइममधली, म्हणजे पिलातच्या गोष्टीची, प्रकरणं काहींना जड जातात. मी मात्र पुन्हा वाचते ती तीच. डोकेदुखीने बेजार पिलातला समोरचा माणूस निर्दोष आहे हे कळतं, तो आवडूही लागतो. तरी सम्राटाच्या भीतीने शिक्षा कायम होते. बिऱ्हाडातल्या भाडेकरूबद्दल कुणी विचारलं नाही, त्यामागेही हीच भीती.

बुल्गाकोव्हने १९३० मध्ये पहिला खर्डा जाळला आणि पुन्हा लिहायला घेतलं. मूत्रपिंडाच्या आजाराने दृष्टी जात असतानाही तो पत्नी येलेनाला दुरुस्त्या सांगत राहिला. १९४० मध्ये वारला. कादंबरी ‘मॉस्क्वा’ मासिकात आली ती १९६६-६७ मध्ये, बरीच कात्री लागून. सोव्हिएत संघात पूर्ण पुस्तक निघालं १९७३ मध्ये. तोवर लोक गाळलेला मजकूर टाइप करून, तो नेमका कुठे घालायचा याच्या खुणांसह, एकमेकांना देत होते.